शेजारच्या कागदावर

ठमीच्या तोंडात बोट घालून तिने छर्रा बाहेर काढला. ओला, करडा, कमरेत बारीक असलेला शिशाचा दाणा. तो तिने रुमालात पुसला, आणि पुसून आता याचं काय करायचं हे न सुचून मुठीत धरून ठेवला.

"किती घातलेस तोंडात?"

"एकच. गोड नाहीये."

"गिळलास का एखादा? आ कर. मोठा आ."

ठमीने आ केला. चौथं लागायला अजून अवकाश असलेल्या मुलीच्या तोंडात जे असायचं तेच होतं : दुधाचे दात, जीभ, सकाळच्या बिस्किटाचा लगदा. तरी तिने गालाच्या आतून पुन्हा एकदा बोट फिरवलं, तेव्हा ठमीने ते चावलं.

बाकाच्या पलीकडे नवरा छर्रे निवडत बसला होता. डब्यातला एकेक छर्रा चिमट्याने उचलायचा, भिंगाखाली फिरवून बघायचा; कड सरळ असली तर खाचांच्या पेटीत, दुमडलेली असली तर बशीत. टाकाऊ छर्‍यांची ती बशी बाकाच्या कडेला होती, नेमकी ठमीच्या हनुवटीच्या उंचीवर.

"बशी वर ठेव म्हणून आल्या आल्या सांगितलं होतं मी."

"वरच तर आहे."

"तुझ्यासाठी वर. ती केवढी आहे?"

त्याने बशी दोन बोटं आत सरकवली. "निघाला ना बाहेर? मग झालं तर."

झालं तर. घरात कुठलीही गोष्ट या दोन शब्दांवर येऊन संपायची. दूध उतू गेलं, झालं तर. ठमीला ताप आला आणि उतरला, झालं तर. तिने बाटलीतलं पाणी ठमीच्या ओंजळीत ओतलं आणि तीनदा चूळ भरायला लावली. तिसरी चूळ ठमीने मुद्दाम आपल्याच बुटावर सोडली.

क्लबची जागा म्हणजे बंद पडलेली दगडाची खाण. अलीकडे पत्र्याची लांब शेड, शेडमध्ये सिमेंटच्या बाकांची रांग. समोर सपाट केलेली जमीन, आणि शंभर मीटरवर लाकडी चौकटी ओळीने रोवलेल्या. प्रत्येक चौकटीवर कागदाचं टार्गेट, वर नंबराची पाटी. त्यामागे खाणीची उभी भिंत. चुकलेला, न चुकलेला प्रत्येक छर्रा शेवटी तिच्याच पोटात जायचा. मधल्या जमिनीवर काठ्यांना रंगीत फिती बांधल्या होत्या, वार्‍यासाठी. एअर रायफलचा छर्रा इतका हलका, की शंभर मीटरवर पोचेपर्यंत वारा त्याला हवं तिकडे नेतो, म्हणून ही सगळी मोठी माणसं तासन् तास फितींकडे टक लावून बसायची. घरी बायको काय बोलते तिकडे याच्या पावपट लक्ष दिलं असतं, तर अर्ध्या संसारांचं कल्याण झालं असतं, असं तिला दर वेळी वाटायचं.

"गाडी बघितलीस?" तिने विचारलं.

"कुठली?"

"बाबांची. बाहेर कशी लावलीय ती. डावं चाक चुना लावलेल्या दगडावर चढलंय."

नवर्‍याने चिमटा खाली ठेवला. तो ठेवण्याची त्याची एक पद्धत होती, अगदी हळू. म्हणजे आपण किती संयमाने घेतोय हे समोरच्याला कळावं.

"पुन्हा तेच?"

"पुन्हा नाही. अजून तेच. संपलंच कुठे ते?"

विम्याच्या कचेरीत ती दाव्यांच्या विभागात होती. दिवसभर तिच्यासमोर ठेचकाळलेल्या गाड्यांचे फोटो यायचे. पोचा बघून चालवणार्‍याचं लक्ष कुठे होतं ते सांगता यावं, इतकी वर्षं तिने ते बघितले होते. सासर्‍यांच्या जुन्या गाडीला समोरून एक ओरखडा नव्हता. काच लखलखीत, बंपर जसाच्या तसा. बाजू मात्र दोन्हीकडून खरवडलेल्या. डावीकडे फाटकाचा रंग, उजवीकडे कुणाच्या तरी भिंतीचा. समोरचं सगळं दिसणार्‍या माणसाची गाडी होती ती, आणि फक्त समोरचंच दिसणार्‍या माणसाची.

घरातही तिने पाहिलं होतं. कपाटाचं दार उघडं राहिलं की सासर्‍यांच्या कपाळाला टेंगूळ. ठमीचे ठोकळे पायाखाली. ती त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि बोलली, की ते दचकायचे. नवर्‍याकडे प्रत्येकाचं उत्तर तयार होतं. आई गेल्यापासून त्यांचं लक्ष नसतं. वय झालं. तू दारं उघडी टाकतेस.

"चष्मेवाल्याकडे नेलं की नाही मी?" तो म्हणाला. "शेवटची ओळ वाचली त्यांनी. शेवटची! मला नाही वाचता आली."

"चष्मेवाल्याकडे नाही, डॉक्टरकडे न्यायला सांगितलं होतं. डोळ्यांच्या."

"अगं, शंभर मीटरवर नाण्याएवढ्या जागेत सगळे छर्रे घालतो तो माणूस. लोकांना मी काय सांगू, याला दिसत नाही म्हणून? हसतील."

"हसू देत."

"आणि एवढी भीती वाटते तर रोज ठमीला त्यांच्याबरोबर कशी सोडतेस? आज मोटारसायकलवर तिघं लटकत आलो, का तर बाबांच्या गाडीत नको. मग सोमवार ते शुक्रवार चालतं?"

हे तो ठेवणीतलं काढायचा, आणि ते दर वेळी नेमकं लागायचं. पाळणाघर बंद व्हायची वेळ तिची कचेरी सुटायच्या आधीची होती. नवर्‍याची कारखान्यात पाळी. सकाळी ती ठमीला बसने सोडायची. संध्याकाळी आजोबा गाडीतून आणायचे. रोज त्या वेळेला तिच्या टेबलावरचा फोन पालथा नसायचा. "पोचलो" एवढा एक शब्द त्यावर उमटेपर्यंत ती फोटोतल्या कुठल्याही गाडीकडे नीट बघू शकत नसे. उमटला की पुढची फाइल उघडायची. दुसरी सोय नव्हती, आणि दुसरी सोय शोधायची म्हटलं की शोधणारी तीच, रजा काढणारी तीच, आणि नोकरी सोडायची वेळ आली तर सोडणारीही तीच, हे न बोलता ठरलेलं होतं.

"ठीक आहे," नवरा म्हणाला. "एक काम करू. आजच्या स्पर्धेत बाबा पहिले आले, तर हा विषय बंद. कायमचा."

"आणि नाही आले तर?"

"नाही कसे येतील?"

"नाही आले तर डॉक्टर. याच आठवड्यात. आणि तोवर गाडीला हात लावायचा नाही."

"बरं बाई, बरं." त्याने चिमटा उचलला. "कबूल."

सासरे पाच नंबरच्या बाकावर रायफलखाली वाळूची पिशवी बसवत होते. सगळी नोकरी त्यांनी जमिनी मोजण्यात घालवली होती. तीन पायांवरच्या दुर्बिणीतून लांबच्या काठीवरचे आकडे वाचायचे आणि लोकांच्या बांधांची भांडणं मिटवायची. निवृत्त झाल्यावर डोळ्याला काम उरलं नाही म्हणून कुणीतरी त्यांना इथे आणलं, आणि वर्षभरात क्लबातल्या सगळ्यांना त्यांनी मागे टाकलं. इथे त्यांना मोजणीसाहेब म्हणत. घरी कुणी काही म्हणत नसे.

"वारा पडलाय," ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले. "पडलाय तोवर उरकून घ्यावं."

"काका, दमानं घ्या," चार नंबरचा दातांचा डॉक्टर म्हणाला. तो भिंग पुसत होता. तो नेहमीच भिंग पुसत असायचा. "तुमचं उरकतं आणि आमच्या वाट्याला वादळ येतं."

"तुम्ही लवकर सुरू करा की."

"घाई केली की दात तुटतो. सवय झालीय."

सेक्रेटरीने शिट्टी वाजवली. त्याच्या गळ्यात ती इतकी कायम असायची, की क्लबात त्याचं नावच शिट्टी पडलं होतं. लाल झेंडा उतरला, हिरवा चढला. तिने ठमीच्या कानांवर प्लास्टिकचे मोठे कप चढवले, तिला मागच्या बाकावर आपल्या दोन गुडघ्यांमध्ये पकडून बसवलं, आणि नवर्‍याची बशी उचलून स्वतःच्या पिशवीत टाकली.

सासर्‍यांनी गाल रायफलच्या लाकडाला टेकवला. पाठ सैल झाली, खांदे खाली आले. श्वास अर्धा सुटला आणि तिथेच थांबला. फट्. हात तेवढा हलला, दांडा मागे, छर्रा आत, दांडा पुढे. बाकी शरीर होतं तिथेच. फट्. कपाटाच्या दाराला धडकणारा, ठोकळ्यांवरून घसरणारा माणूस हाच, यावर विश्वास बसू नये असं ते बसणं होतं. चिडलेल्या माणसाला असं कौतुक वाटणं फार गैरसोयीचं असतं. तिने मान फिरवून फितींकडे बघितलं. फिती लोंबत होत्या.

नवरा तिच्याकडे वळून भुवया उडवत होता. बघ, बघ.

इतर बाकांवरून अधूनमधून आवाज येत होते, कुणी पुटपुटत होतं, कुणी वार्‍याला शिव्या देत होतं. सासर्‍यांच्या बाकावरून एका लयीत, घरातलं घड्याळ चालावं तसं. मग ती लय थांबली. त्यांनी दांडा मागे ओढून रायफल उघडी ठेवली, आणि हात मांडीवर ठेवून बसले. सगळ्यांच्या आधी त्यांचं झालं होतं.

दातांच्या डॉक्टरने अखेर भिंग खिशात घातलं, हात चोळले, रायफलवर वाकला. बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग मान वर काढली, डोळे चोळले, पुन्हा वाकला.

"शिट्टी! अहो शिट्टी, थांबवा जरा!"

"काय झालं? वारा?"

"वारा कुठला! मी अजून एक गोळी झाडलेली नाही, आणि माझ्या टार्गेटला मधोमध भोक पडलंय. मोठं, छान, गोल. हे माझं काम नाही. मला इतकं चांगलं जमत नाही."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग पाच नंबरच्या कागदाकडे पहिली दुर्बीण वळली. तो कागद कोरा होता, लावला तसा.

"शेजारधर्म!" पलीकडून कुणीतरी ओरडलं, आणि शेड हसण्याने भरून गेली. आपल्या चौकटीऐवजी शेजारच्या चौकटीवर गोळ्या घालणं, हे दुर्बिणीच्या माणसांचंच पाप. रायफलवर बसवलेली दुर्बीण इतकं जवळ दाखवते की एका वेळी एकच कागद दिसतो, आणि सगळे कागद सारखे. म्हणून आधी उघड्या डोळ्यांनी वरची पाटी बघायची आणि मगच दुर्बिणीला डोळा लावायचा, हा इथला पहिला धडा. तो विसरण्याला क्लबाने शेजारधर्म हे नाव दिलं होतं आणि विसरणार्‍याला एक शिक्षा ठेवली होती : त्याने स्वतः चालत जायचं, भोकं पाडलेला कागद काढायचा, शेजार्‍याला नवा लावून द्यायचा, आणि जुना आणून त्याच्या हातात ठेवायचा. हसून. नियमांत तसं होतं, हसून.

"मोजणीसाहेब, दुसर्‍याच्या बांधात शिरलात की हो!"

"आयुष्यभर लोकांना दंड केला, आता भरा!"

नवरा तर उठून उभाच राहिला होता. "बघितलंस? सगळ्या एका भोकात! एका!"

"दुसर्‍याच्या कागदावर."

"अगं कागद कुणाचा का असेना..."

"त्यांना स्वतःचा कागद सापडला नाही."

"सगळ्यांचं होतं ते. मागच्या महिन्यात माझं नाही झालं?"

"तू फोन बघत होतास. आपलं काय ठरलंय? पहिले आले तर. आलेत?"

"आलेच म्हणायचे. मोजले तर पहिलेच आहेत."

तिने कपाळाला हात लावला. या माणसाशी वाद घालणं म्हणजे त्या खाणीच्या भिंतीवर छर्रे मारणं. ती मागे सरकत नाही, पडत नाही, आणि आपण काय मारलं त्याची खूणही ठेवत नाही.

मग तिचं लक्ष सासर्‍यांकडे गेलं. ते हसत नव्हते, ओशाळलेलेही नव्हते. रायफलवरून उघड्या डोळ्यांनी चौकटींकडे बघत होते. डोळे स्थिर, आणि मान डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकत होती. नुकतं वाचायला शिकलेलं मूल अक्षर अक्षर लावत ओळ संपवतं तशी. पाच नंबरच्या पाटीपाशी मान थांबली. मग ती उलटी, चारपर्यंत परत आली.

शिट्टीने लाल झेंडा चढवला. रायफली उघडून सगळे मागे सरले.

"मी येते बरोबर," ती म्हणाली. ठमीला तिने नवर्‍याच्या मांडीवर आदळलं. "हिच्याकडे बघ. फितींकडे नाही, हिच्याकडे."

नवा कागद आणि पिना तिने घेतल्या. सासरे पुढे, ती अर्धं पाऊल मागे. ते ताठ चालत होते, नजर सरळ चौकटीवर. अर्ध्या वाटेवर एका फितीची काठी त्यांच्या खांद्याला लागून आडवी झाली.

"इथे मधे कुणी रोवलीय ही?"

"तुम्हीच. सकाळी."

तिने काठी उचलून पुन्हा खोचली.

चौकटीपाशी पोचल्यावर त्यांनी जुना कागद काढला आणि उजेडात धरला. मधला काळा गोल जवळजवळ नाहीसाच झाला होता. तिथून खाणीची भिंत दिसत होती. त्यांनी भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग तिच्या हातून नवा कागद घेऊन चौकटीवर ताणून धरला.

"पिन दे."

ती त्यांच्या डाव्या बाजूला उभी होती. तिने हात पुढे केला, तळव्यावर पिना. त्यांच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर.

"अगं, दे ना."

तिने हात हलवला नाही. वार्‍याने कागदाचा खालचा कोपरा फडफडला. त्यांनी तो कोपराने दाबला आणि समोरच्या लाकडाकडे बघत वाट बघत राहिले. शेडमधून कुणीतरी काहीतरी ओरडलं, पुन्हा हसू उसळलं. तिचा हात दुखायला लागला होता, पण तिला तो खाली घ्यायचा नव्हता.

मग त्यांनी सावकाश मान वळवली. पूर्ण, खांद्यापर्यंत. हात सापडला. ते त्या तळव्याकडे बराच वेळ बघत होते. मग त्यांनी एक पिन उचलली.

"घाम आलाय तुझ्या हाताला," ते म्हणाले.

"कधीपासून, बाबा?"

त्यांनी पहिला कोपरा टोचला. दुसरी पिन घेताना त्यांना पुन्हा मान वळवावी लागली.

"दुर्बिणीत बघितलं की मधे एक गोल दिसतो," ते म्हणाले. "कडेने सगळं काळं. सगळ्यांना तसंच दिसतं. त्या दातवाल्यालाही. तिथे बसलं की सगळे सारखेच." त्यांनी दुसरा कोपरा टोचला. "उठलं, की त्यांचा गोल जातो."

कित्येक महिने तिने वाक्यं जमवून ठेवली होती. आंघोळ करताना, बसमध्ये, ठमीला भरवताना ती त्यांची उजळणी करायची. ती सगळी वाक्यं नाही म्हणणार्‍या माणसासाठी होती. हो म्हणणार्‍यासाठी तिच्याकडे एकही तयार नव्हतं, आणि त्याचाच तिला संताप आला.

"माझी मुलगी असते मागे."

"हळू आणतो मी. मोठ्या रस्त्याने येतच नाही. गल्लीगल्लीतून, कडेकडेने."

"कडेलाच दिसत नाही ना पण तुम्हाला!"

त्यांनी तिसरी पिन टोचली. ती वाकडी गेली, काढून पुन्हा टोचली.

"आजवर काही झालंय का?" ते म्हणाले, पण वाद घालण्याच्या आवाजात नाही.

"झालं नाही त्यात तुमचं कर्तृत्व काही नाही."

"नाही," ते म्हणाले. "माझं नाही."

शिट्टी वाजली, लांबलचक, वैतागलेली. तिला आणखी बोलायचं होतं, पण शेडमधली सगळी माणसं हातावर हात ठेवून त्या दोघांकडे बघत होती. परत येताना ती त्यांच्या डाव्या बाजूने, काठ्यांच्या आणि त्यांच्या मधून चालली. सासर्‍यांनी कागद दातांच्या डॉक्टरच्या हातात ठेवला, आणि नियमाप्रमाणे हसले.

"काका, सही करून द्या. फ्रेम करून दवाखान्यात लावतो," डॉक्टर म्हणाला. "पेशंटना वाटेल माझंच आहे."

"लावा," सासरे म्हणाले. मग तिच्याकडे न बघता खिशातून गाडीची किल्ली काढून त्यांनी बाकावर ठेवली. "डोकं चढलंय जरा माझं. ही सोडेल मला घरी."

"अहो बाबा, दुसरी फेरी आहे ना!" नवरा म्हणाला. "तिथे भरून काढाल सगळं. शिट्टी नक्की परवानगी देईल, काय शिट्टी?"

"ये तू मागून," तिने किल्ली उचलली. "झालं तर."

नवर्‍याने तिच्याकडे बघितलं, मग बापाकडे. त्याने खाली बघून पेटीचं झाकण लावलं.

बाहेर गाडीपाशी सासरे सवयीने उजव्या दाराकडे गेले. हात कडीवर ठेवला, थांबले, आणि बॉनेटवरून हात फिरवत, गाडीची कड न सोडता पलीकडे गेले. ठमीला मागे बसवून तिने पट्टा लावला. एका ठिकाणी तो इतका घासला होता की त्याला लव फुटली होती. तिने गाडी मागे घेतली, दगडावरून चाक धप्पकन उतरलं.

"उद्या तिला आणायला कोण जाणार?" त्यांनी विचारलं.

हाच प्रश्न ती शेडपासून टाळत आली होती. विभागप्रमुखाचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला. लवकर जायचंय? पुन्हा? तिने गिअर टाकला.

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "एवढंच ठरलंय सध्या."

खाणीचा कच्चा रस्ता संपून पहिली गल्ली लागली. दोन्ही बाजूंना दुकानं, उभ्या गाड्या, अर्ध्या रस्त्यात आलेले जिने. तिने वेग कमी केला.

"घड्याळाकडे सायकल," मागून ठमी म्हणाली.

डावीकडून एक सायकलवाला पुढे येत होता. तिला तो दिसलाच होता.

"रिकाम्याकडे काकू. पिशवीवाल्या."

"हे काय गं नवीन?" तिने विचारलं. "कुणाचं घड्याळ?"

"माझं."

तिने आरशात बघितलं. ठमीने डावा हात वर करून मनगटावरचं प्लास्टिकचं घड्याळ दाखवलं, मग रिकामा उजवा. मांडीवरचं खेळणं खाली पडलं होतं, ते तिने उचललं नव्हतं. ती पाठ ताठ करून बसली होती, आणि मान एका खिडकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून पहिलीकडे, न थांबता फिरत होती. कपाळाला एवढीशी आठी.

"घड्याळाकडे सायकल!" ठमी पुन्हा म्हणाली, आता मोठ्याने. सायकलवाला कधीच मागे पडला होता. "आजोबा, सायकल!"

"अगं, गेली ती. गप्प बस बघू, आईला चालवू दे."

"दिसली म्हणा ना, आजोबा!" आवाज रडवेला झाला. "तुम्ही दिसली म्हटलंच नाही!"

सासरे काचेतून सरळ समोर बघत होते. मांडीवरचे हात त्यांनी एकमेकांत गुंतवले होते.

"दिसली," ते अगदी हळू म्हणाले.

मागे ठमीने सुस्कारा सोडला, मोठ्या माणसाने काम हातावेगळं झाल्यावर सोडावा तसा.

पाय आपोआप ब्रेकवर आला होता. मागच्या रिक्षाने भोंगा वाजवला. तिने गाडी एका बंद शटरपुढे कडेला घेतली, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिली. रिक्षावाला काहीतरी बोलत पुढे निघून गेला. सासर्‍यांकडे तिने बघितलं नाही. तेही बघत नव्हते, आणि बघायचं असतं तर त्यांना मान वळवावी लागली असती.

"ठमे," ती शेवटी म्हणाली, "आजपासून तू नाही सांगायचंस. तू नुसती बस. गाणं म्हण."

"मग कोण सांगणार?"

"कुणी नाही. मला दिसतं."

"सगळं?"

"सगळं."

ठमीने यावर विचार केला. तिने आरशात पुन्हा पाहिलं, तेव्हा मुलीने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते आणि ओठ घट्ट मिटले होते. तिने सिग्नल दिला, मागचं बघून गाडी हळूच रस्त्यावर घेतली.

कोपर्‍यावर वळताना मागून आवाज आला, आईला ऐकू जाऊ नये इतका बारीक.

"रिकाम्याकडे कुत्रा."